फॉस्तूची जिबली

फॉस्टिन लोबोच्या आवारात पाय ठेवणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास पडायचा, आणि कोकणात तरी तो अगदी न्यायाचा प्रश्न होता.

"ह्याचा काय खातत रे?"

कोकणात झाडाला फुकट उभं राहता येत नाही. माड नारळ देतो, झावळ देतो, काथ्या देतो आणि म्हातारा झाला की वासा होऊन छपरात जातो. फणस कच्चा असताना भाजी देतो, पिकला की गरे देतो आणि गरे संपले की आठळ्या देतो. रतांब्याची, म्हणजे कोकमाची, तर साल, रस, बी, सगळंच कामाला लागतं. ज्याच्याकडून काहीच मिळत नाही त्याने निदान चुलीपुरतं जळण द्यावं, एवढी तरी अपेक्षा असतेच. फॉस्टिनच्या आवारातली झाडं जळायलाही तयार नव्हती. ती नुसती उभी राहायची आणि दिसायची.

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर त्याचं चिऱ्याचं घर होतं. पुढे चुना लावलेला खुरीस, म्हणजे क्रूस, मागे विहीर आणि मधे हे सगळं बिनकामाचं रान. मोंबासाहून आलेलं एक बुटकं झाड होतं. त्याचं बूड असं सुजलेलं की बसथांब्यावरचा चहावाला बाबली म्हणायचा, "फॉस्तूबाब, ह्या झाडाक हत्तीपाय झालो, मालवणच्या डाक्टराक दाखवा." पिनांगचा एक माड होता, त्याचे दांडे कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखे लालभडक. शेजारची रुक्मिणीकाकी तो माड पाहून दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "मेल्या, झाडाचा लगीन झाला, तुझा नाय झाला."

लग्न झालं नव्हतं, हे खरं. फॉस्टिन उमेदीची सगळी वर्षं बोटीवर होता. पँट्रीत चहा करायचा आणि पत्र्याच्या ट्रेमधून साहेबलोकांना नेऊन द्यायचा. बाकीचे खलाशी रजेवर येताना रेडिओ आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. फॉस्टिन बिया आणायचा. बंदरात बोट लागली की लोक नको त्या गल्ल्यांत जायचे आणि हा कुठल्यातरी साहेबाच्या बागेच्या कुंपणाबाहेर ओणवा होऊन पडलेली बोंडं वेचायचा. मुंबईच्या धक्क्यावर कस्टमवाला त्याची ट्रंक उघडायचा तेव्हा मोज्यांमध्ये बिया निघायच्या. कस्टमवाला त्या हुंगायचा, एखादी दाताखाली धरून बघायचा आणि शुद्ध मराठीत विचारायचा, "ह्याचं काय खातात?"

हा प्रश्न न विचारणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची आई. मुलगा मूठभर बिया पेरून पुन्हा बोटीवर निघाला की ती एवढंच विचारायची, "ह्यांका पाणी किती घालू?" तेवढ्यावर ती सगळी झाडं उगवली आणि वाढली. मोंबासाच्या झाडाला शेंगा धरल्या. पुढे पुढे फॉस्टिन त्या शेंगांना दोरा बांधून ठेवायचा, कारण शेंग उकलली की बिया कापूस लावून उडून जातात. घरच्या बियांची रोपं झाली, त्या रोपांना पुन्हा बिया आल्या. मोंबासाची नातवंडं कट्ट्याच्या तांबड्या मातीत नांदू लागली, आणि आई गेली. त्रेपन्न साली फॉस्टिन कायमचा घरी आला तो तिच्या दफनाला.

तेव्हापासून तो त्या घरात एकटा. बोलायला कोणी नाही म्हणून झाडांशी बोलायचा. नुसतं बोलायचा नाही, ज्याच्या त्याच्या भाषेत बोलायचा. पिनांगच्या माडाशी इंग्रजीत, मोंबासाच्या झाडाला रोज सकाळी स्वाहिलीत "जांबो", आणि दारातल्या जास्वंदीला मालवणीत शिव्या. रुक्मिणीकाकी कुंपणापलीकडून ऐकायची. ती विधवा, मुलगी सरला लग्न होऊन आंबोलीला गेलेली. पण तिच्याकडे निदान एक गाय होती, आणि गाय ऐकल्यावर मान तरी हलवते.

चोपन्नच्या पास्काला, म्हणजे ईस्टरला, फॉस्टिनची धाकटी बहीण लिंडा म्हापशाहून आली. लिंडा म्हणजे त्याचं उरलेलं सगळं गणगोत. तिचा नवरा बाप्तिस्त म्हापशात घड्याळं दुरुस्त करायचा. बसमधून आणि होडीतून सांभाळत तिने बिस्किटाच्या डब्यात, ओल्या टॉवेलात गुंडाळून एक रोप आणलं होतं. आईच्या माहेरी अँथुरियमची झाडं होती, त्यांच्या बियांपासून लिंडाने दोन रोपं केली होती. त्यातलं एक हे.

त्या झाडाला फूल येतं ते मेणाचं असावं तसं. तांबडं, चकचकीत, बदामाच्या आकाराचं एक पान आणि त्याच्या मधोमध वर आलेली पिवळी दांडी. पहिलं फूल उमललं तेव्हा रुक्मिणीकाकीने कुंपणावरून ते निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगो बाय, ह्या झाड तर जीब काढून वेडावता!" झालं. त्या दिवसापासून कट्ट्याच्या बाजारात त्या झाडाचं नाव 'फॉस्तूची जिबली' पडलं. बारशाला फॉस्टिनला कोणी बोलावलं नाही.

लिंडा परत निघाली तेव्हा बसच्या खिडकीतून म्हणाली, "एकट्या झाडाक बी धरना रे. पुढल्या पास्काक दुसरा घेवन येतंय. डबो सांभाळून ठेव."

फॉस्टिनने डबा सांभाळून ठेवला. पण पुढच्या वर्षी गोव्याची वाटच बंद झाली. सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आणि सीमेवरच्या बांद्याच्या पुढे बस जाईनाशी झाली. म्हापसा होतं तिथेच राहिलं, कट्टा होता तिथेच राहिला, आणि मधे एक देश येऊन बसला. पहिली दोनतीन वर्षं कोणाकोणाबरोबर तोंडी निरोप येत होते. मग तेही थांबले.

फॉस्टिनने मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली. ह्या एका झाडाचं बी धरायचं, रोपं करायची, आणि वाट उघडली की त्याच डब्यात घालून लिंडाच्या दारात जाऊन उभं राहायचं. तू दुसरं झाड आणणार होतीस ना? हे घे, मीच आणलं.

माणसं ह्याहून मोठ्या गोष्टींसाठी जगतात. फॉस्टिनकडे तेवढी मोठी गोष्ट नव्हती.

आता ह्या जिबलीचा स्वभाव सांगायला हवा. तिच्या त्या पिवळ्या दांडीवर आधी बारीक चिकट थेंब येतात. तेव्हा तिला पराग हवे असतात. पण तिचे स्वतःचे पराग येतात ते थेंब सुकून गेल्यावर. म्हणजे पान मांडलं तेव्हा भात शिजलेला नाही, आणि भात शिजला तेव्हा पान उचललेलं. एका झाडाला एकाच वेळी दोन फुलं असली, आणि एकाच्या भाताची दुसऱ्याच्या पानाशी गाठ पडली, तरच काही आशा. आणि जिबली एका वेळी एकच जीभ काढायची. ती वाळली की दुसरी. वर्षानुवर्षं हाच क्रम. फॉस्टिन तिच्यापुढे स्टूल टाकून बसायचा आणि तिला हे सगळं समजावून सांगायचा. सावंतवाडीच्या एका चिताऱ्याकडून, तो लाकडी खेळणी रंगवतो तसला बारीक केसांचा कुंचला त्याने मागून आणला होता. तो कुंचला खिशात घालून हा माणूस सहा वर्षं फिरला.

एकसष्ट साली, शिमग्याच्या सुमारास, जिबलीला एकदम दोन फुलं आली. एकावर पिवळी पूड धरली होती आणि दुसऱ्यावर सकाळच्या उन्हात थेंब चमकत होते. फॉस्टिनने इतकी घाई केली की पहिल्यांदा पूड त्याच्याच नाकात गेली. दोन शिंका आल्या. मग त्याने श्वास धरून कुंचला फिरवला, एकदा, दुसऱ्या सकाळी पुन्हा, तिसऱ्या सकाळी पुन्हा.

महिन्याभरात दांडी जाड झाली, मग हिरवी झाली, मग तिच्यावर मोहरीएवढे फुगवटे दिसू लागले. फॉस्टिनने बुलबुल आणि कोंबड्यांच्या भीतीने मच्छरदाणीचा तुकडा कापून तिला टोपरं शिवलं. टोपरं पाहिलं आणि गावाला जे समजायचं ते समजलं.

"फॉस्तूबाब," बाबली भर थांब्यावर ओरडला, "जिबली गरवार आसा म्हणतत. सुईण ठरवलास?"

"पाद्रीक काय सांगतलास?" बाकड्यावरून कोणीतरी विचारलं. "बापूस कोण?"

फॉस्टिन चहा न घेताच घरी गेला. रागाने नव्हे. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. ह्याआधी कोणी त्याच्या घरातल्या कोणाची चौकशी केली होती?

रुक्मिणीकाकीने थट्टा केली, पण तिच्या थट्टेला हात होते. ती बांगडे धुतलेलं पाणी फेकत नसे, कुंपणावरून तपेली पुढे करायची. "घे, डोहाळे पुरव तुझ्या बायेचे." त्या पाण्यावर जिबली तरारली. सोमवारी काकीकडे मासे नसायचे, त्यामुळे गोव्याच्या ख्रिस्ती घरातून आलेल्या त्या झाडाला दर आठवड्याला शंकराचा उपवास घडत होता. फॉस्टिनला वाटायचं, काकीला थांबवावं, दोन गोष्टी सांगाव्यात. हे दाणे पिकले की काय करायचं, कसं करायचं. पण काकी तपेली देऊन लगेच वळायची, गाय हंबरत असायची, आणि फॉस्टिनला माणसांशी वाक्य सुरू करायला वेळ लागायचा. मग तो ते वाक्य जिबलीलाच सांगायचा. सहा वर्षांत शिकलेलं सगळं त्याने असं त्या झाडालाच सांगून टाकलं होतं. झाडाला ते आधीपासून येत होतं.

डिसेंबरात एके दिवशी बाबलीच्या रेडिओभोवती ही गर्दी! गोवा सुटला होता. बाबलीने चहा फुकट दिला, कोणी फटाके लावले. फॉस्टिन मागे उभा होता. त्याच्या डोक्यात एकच विचार, बस बांद्याच्या पुढे कधी जाणार?

जानेवारीत बस सुरू झाली. इकडे जिबलीच्या दांडीवर दाणे पिवळसर नारिंगी होऊ लागले होते. अजून आठवडा, फार तर दोन. बाबली म्हणाला, "थांबा मगे, बाळंतपण होवंदे." पण फॉस्टिनला थांबवेना. त्याने हिशेब घातला, आधी जाऊन भेटू, रोपं पुढच्या खेपेला नेऊ. लिंडा दुसरं झाड देणारच होती, तेही डब्यात घालून आणू. जोडी होईल. सात वर्षं कपाटावर ठेवलेला बिस्किटाचा डबा त्याने खाली काढला, पुसला, आणि कुंपणापाशी गेला.

"काकी, मी गोव्याक जातंय. लिंडाक बघूक."

"जा रे बाबा, जा. बहीण ती." काकीचे डोळे एकदम भरले. "आणि तुझी बाय?"

"पाणी तेवढा घाल. आणि ते दाणे पिकान भायर इले तर काढ, सांभाळून ठेव. लाख मोलाचे आसत ते."

बस हॉर्न देत होती. एवढं बोलून तो धावला.

आता रुक्मिणीकाकीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. बियाणं सांभाळण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात चुलीवरची भिंत म्हणजे सगळ्या वाडीची तिजोरी. तवसं, म्हणजे मोठी गावठी काकडी असो, शिराळं असो, भोपळा असो, बी धुवायचं, चुलीतल्या राखेत घोळायचं, शेणाच्या थापटीत बसवायचं आणि धुराच्या भिंतीवर थापायचं. धुराने कीड लागत नाही, राखेने बुरशी धरत नाही. पेरणीच्या दिवसांत वाडीतल्या बायका तिच्या भिंतीपुढे रांग लावायच्या, आणि काकी भिंतीवरच्या थापट्या अशा उतरवून द्यायची की जणू दागिने काढून देते आहे. बी सुकल्याशिवाय बी होत नाही, हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं, आणि सासू कधी चुकली नव्हती.

म्हापशाला उतरून फॉस्टिन ओळखीच्या रस्त्याने गेला. घर होतं. पायऱ्या होत्या. बाहेरच्या सोप्यावर लिंडाच्या कुंड्याही होत्या. दार एका अनोळखी म्हातारीने उघडलं.

"लिंडा?" म्हातारी म्हणाली. "तीं आफ्रिकेक गेलीं न्ही! तीन वर्सां जालीं. तिच्या घोवाक, बाप्तिस्ताक, थंय काम मेळ्ळें. तुका निरोप पावलो ना?"

निरोप पोचला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्यापैकी कोणाला तरी दिला असेल, आणि तो माणूस आला नसेल किंवा गेला नसेल. फॉस्टिन सोप्याच्या पायरीवर बसला. म्हातारी भली होती, तिने पाणी आणून दिलं. मग त्याने कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीकडे बोट दाखवलं. ह्यात एक झाड होतं. तांबड्या फुलाचं.

"तें?" म्हातारी म्हणाली. "ताका ना फळ, ना भाजी. हांवें काडून उडयलें आनी मिरसांगो लायल्यो. तशा झाडाचें खातात तरी कितें?"

पोर्तुगीज आले आणि साडेचारशे वर्षांनी गेले, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना प्रश्न एकच राहिला होता. फॉस्टिनला हसू यायला हवं होतं. एरवी आलंही असतं.

लिंडाची आणखी काही खबर मिळते का बघत तो पंधरवडाभर म्हातारीच्याच सोप्यावर राहिला. निघताना म्हातारीने त्याच्या हातातला रिकामा डबा पाहिला आणि तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तो त्याच कुंडीतल्या हिरव्या मिरच्यांनी भरून दिला. मिरच्या मांडीवर घेऊन फॉस्टिन लोबो स्वतंत्र गोव्यातून परत आला. वाटेत, बांद्यापाशी कुठेतरी, त्याच्या ध्यानात आलं की आता लिंडाच्या घरचं असं जगात काही उरलं असेल तर ते कट्ट्याला, मच्छरदाणीच्या टोपऱ्यात आहे. मग तो बसमध्ये ताठ बसला. दाणे पिकले असतील. एकेका दाण्यात दोन दोन बिया. ओल्या असतानाच पेरायच्या, नारळाच्या सोडणाच्या भिजवलेल्या चुऱ्यात, वर बरणी उपडी घालून. एक रोप घरी ठेवायचं, आणि एक आफ्रिकेला. झाड आफ्रिकेला कसं पाठवतात हे त्याला माहीत नव्हतं, पण आफ्रिकेहून कसं आणतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

घरी पोचला तर टोपरं काढून व्यवस्थित घडी करून ठेवलेलं होतं. दांडी रिकामी.

"इलंस?" कुंपणापलीकडून काकीचा आवाज आला, आनंदाने भरलेला. "ये, ये, आदी हय ये! तुझो ठेवो बघ. एक दाणो कोंबडेक दिलंय नाय."

ती त्याला चुलीपाशी घेऊन गेली. भिंतीवर, मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी, वाटीएवढी एक गोल थापटी होती. राखाडी, कडक, धुराने वरून जरा काळी झालेली. "धुतलंय, राखेत घोळलंय, आणि शेण आपल्या गायचा. दोन वर्सा काय होवचा नाय बियाक."

अँथुरियमचं बी घटकाभर उन्हात ठेवलं तरी मरतं. ते जन्मभर ओलं राहायला जन्मलेलं असतं. सुकलं की संपलं. फॉस्टिन ती थापटी बघत उभा राहिला. चुलीवर भात रटरटत होता. त्याने तोंड उघडलं. काकीचा चेहरा त्याच्याकडे लागलेला होता, शाबासकीची वाट बघणारा, आणि त्या चेहऱ्यावर चुलीची धग पडली होती.

"बरा केलंस गो, काकी," तो म्हणाला.

"लिंडा कशी आसा?"

"बरी आसा." ही दुसरी थाप. "मिरच्यो धाडल्यान तुका." ही तिसरी, आणि ह्या वेळी पुरावा हातात होता.

काकीने थापटी हलक्या हाताने सोडवून त्याला दिली. त्याने ती घरी नेऊन फोडली. तिळाएवढ्या सुरकुतलेल्या बिया शेणापासून वेगळ्याही होईनात. मेल्या होत्या, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने बोटीवरचा पत्र्याचा ट्रे काढला, सोडणाचा चुरा भिजवून पसरला, ती सगळी थापटी कुस्करून वर टाकली आणि पाणी शिंपडलं. मेलेल्या माणसालाही आपण आंघोळ घालतोच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी कुंपणावर हजर. "इलो काय कोंब?"

"नाय अजून."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी ती कुंपणाला वळसा घालून आवारातच आली, ट्रेवर वाकली, बघितलं आणि जाताना पिनांगच्या माडावर आपलं नेहमीचं वाक्य टाकून गेली. आठ वर्षांत ती कधी आत आली नव्हती. आता रोज यायला लागली. फॉस्टिन ट्रेला पाणी घालत राहिला. घालणं थांबवलं तर ती विचारणार, आणि विचारलं तर सांगावं लागणार. शिवाय, खरं सांगायचं तर, थांबवलं असतं तर ती आली नसती.

एका सकाळी ट्रेमध्ये हिरवं काहीतरी दिसलं.

फॉस्टिन तिथेच गुडघ्यावर आला. देवाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, लिंडाचं घेतलं. मग चष्मा लावून बघितलं. कोंबाला दोन जाड, गुबगुबीत पानं होती, टाळी वाजवायला उघडल्यासारखी. जिबलीचं पोर एका पानाने जन्माला येतं, सुईएवढ्या एका पानाने. हे दोन पानांचं बाळ कोणाचं, ते कोकणातल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. काकीच्या भिंतीवर सगळ्याच थापट्या शेजारी शेजारी. कुठल्यातरी थापटीतलं तवशाचं बी ह्या थापटीच्या पोटात गेलं होतं.

काकी आली. तिनेही बघितलं. ट्रेमधला चुरा चिमटीत घेऊन तिने चोळून पाहिला, ह्यावरून फॉस्टिनला कळायला हवं होतं.

"तवसा," ती म्हणाली.

"हां."

"माज्या भिंतीरचा."

"आसात."

"आणि तुझा बी?"

"उशिरा येता ता," फॉस्टिन म्हणाला. "त्येका येळ लागता."

"खोटा बोलू नको, मेल्या. तू किरिस्ताव आसस, आयतवारी पाद्रीक सांगूचा लागतला." काकी ट्रेच्या कडेला खाली बसली. "बी मेला काय जिता ता माका कळता रे. जल्मभर दुसरा काय केलंय? हातात घेतलंय तेव्हाच माका वाटला, ह्या हलक्या लागता. मी म्हटलंय, साहेबाचा बी, असात तसाच." तिने वर बघितलं. "सुकवचा नाय होता?"

"नाय."

"मगे माका सांगूक नको?"

फॉस्टिनने तवशाच्या कोंबावर पाणी शिंपडलं. त्याने झाडाला सांगितलं होतं, रोज सांगितलं होतं. ते तो बोलला नाही. तो म्हणाला, "लिंडा थंय नाय, काकी. आफ्रिकेक गेली. तीन वर्सा झाली."

काकीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या मिरच्या कुठून आल्या, हे तिने विचारलं नाही. पदराने ट्रेच्या कडेवरचं शेण पुसलं आणि म्हणाली, "तवसा उपट नको. अवेळी इला, पण इला."

त्याने उपटलं नाही. तवशाचा वेल पिनांगच्या माडाच्या लाल दांड्यांवर चढला, आणि तो माड पहिल्यांदाच कोणाच्यातरी कामाला आला. एप्रिलमध्ये तीन तवशी धरली. बसथांब्यावर बातमी गेलीच. बाबली स्वतः बघायला आला. वेलाभोवती फिरला, आणि सवयीने तोंड उघडून, "ह्याचा काय..." म्हणाला आणि तिथेच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर माहीत होतं.

दोन तवशांची काकीने तवसळी केली, गूळ घालून, हळदीच्या पानावर भाजून. अर्धी कुंपणावरून पुढे केली. फॉस्टिनने ती जिबलीसमोर स्टुलावर बसून खाल्ली. जिबलीने त्या सुमाराला एक जीभ बाहेर काढली होती, एकच. खिशात कुंचला होता. काकी कुंपणावर रेलून उभी राहिली, आणि फॉस्टिनने पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं, थेंब कधी येतात, पूड कधी येते, पान आणि भात.

"म्हणजे दुसऱ्याची वाट बघूची," काकी म्हणाली.

"हां."

"आणि नाय इला तर?"

"नाय इला तर नाय इला."

त्या वर्षी दुसरं फूल आलं नाही. पहिलं महिनाभर चमकलं, मग त्याचा रंग उतरला, मग दांडी वाळली, आणि फॉस्टिनने ती कात्रीने कापून काढली.

तिसरं तवसं त्यांनी बियाणाला ठेवलं होतं. ते पिवळं जर्द पिकल्यावर फॉस्टिनच काकीकडे घेऊन गेला. तिने बी काढलं, धुतलं, राखेत घोळलं, शेणात बसवलं आणि भिंतीपुढे उभी राहिली. भिंतीच्या मधोमध, मानाच्या जागी, जिबलीची थापटी सोडवताना काजळी निघाली तिथे, एक गोल फिकट डाग होता. आजूबाजूला धुराने काळं झालेलं, आणि तेवढाच डाग फिकट. काकीने थापटी त्याच्या शेजारी लावली.

"मदी जागा आसा मगे," फॉस्टिन म्हणाला.

"आसूंदे," काकी म्हणाली. "थंय लावचंय नाय."

मग गाय हंबरली, आणि ती धारेला गेली. फॉस्टिनने त्या फिकट डागावरून एकदा बोट फिरवलं. मग तो घरी आला, ट्रे धुतला, पुसला, आणि त्यात स्वतःपुरता एक कप चहा ठेवून जिबलीसमोर जाऊन बसला.